त्या जागी काय म्हणायचं, सर?

सर, तुम्ही भांडण अर्धवट टाकून गेलात. हे बरं नाही केलंत.

मरणाबद्दल तक्रार नाही. ते तुमच्या हातात नव्हतं. शेवटी शेवटी दवाखान्यात तुमचे जे हाल चालले होते ते बघून मीच मनात म्हणत होते, आता पुरे. तक्रार भांडणाबद्दल आहे. ‘रविवारी ये, तो शब्द ठरवून टाकू,’ म्हणालात आणि रविवार यायच्या आत गेलात. आता तो शब्द ठरवायचा कुणी? मी? एकटीनं? समोर कुणी बोलणारं नसताना जिंकले तर त्याला जिंकणं म्हणायचं का?

बाहेर कुणाला सांगितलं तर हसतील. इथं माणसांना पाणी नाही, पगार नाही, आणि ही बाई एका शब्दासाठी रडतेय. पण तुम्हाला माहितीय ती भानगड काय होती. तुमच्या स्मरणसभेत बायबलातलं मेंढपाळाचं स्तोत्र सगळ्या मंडळीनं मोठ्यानं वाचायचं, तेही चर्चच्या पुस्तकातलं नाही, तुम्ही हिब्रूतून मराठीत केलेलं, आणि त्याचं पत्रक मी करायचं, हे आजाराचं नाव कळल्यावर तुम्हीच ठरवून टाकलंत. मी टाइप केलं. आपण दोघांनी एकेक ओळ घासून घेतली. सगळं झालं. फक्त देवाचं नाव येतं त्या दोन जागा राहिल्या. एक अगदी सुरुवातीला, एक शेवटच्या ओळीत. तिथं काय म्हणायचं यावर आपलं जमलं नाही, आणि तुम्ही गेलात.

आपलं तसं पहिल्या दिवसापासून जमलं नव्हतं. मी तुमच्या काशीगावच्या बिल्डिंगीत पत्रकं वाटत आले होते. हाटकेशच्या एका गाळ्यात प्रेस मशीनवर कामगाराची बोटं गेली होती आणि मालकानं त्याला रिक्षात घालून घरी पाठवून दिलं होतं. पत्रकाच्या प्रत्येक ओळीत मालक होता. लोक पत्रक घेतात, दुमडतात, लिफ्टमध्ये टाकतात. तुम्ही बनियन-लुंगीवर दारात उभे राहून चष्मा कपाळावरून खाली घेतलात आणि पाठपोट वाचलंत. माझी पुढच्या मजल्याची घाई चालली होती.

‘नाव काय?’
‘प्रज्ञा साळवे.’
‘कुठले साळवे?’
‘परतूर. का?’
‘मी पण साळवे. नेवाशाकडचा. तुम्ही बौद्ध असणार.’
‘हो. तुम्ही?’
‘ख्रिस्ती. म्हणजे आपले पणजोबा कुठल्यातरी एकाच वेशीबाहेर बसलेले असणार. उठल्यावर वेगवेगळ्या वाटेनं गेले.’ मग पत्रकावर बोट ठेवून म्हणालात, ‘मालक या शब्दावर इतका राग आहे ना, तर आत ये. तुला जगातला सगळ्यात जुना मालक दाखवतो.’

मला वाटलं, झालं, आता हा म्हातारा धर्मांतर करणार. तरी आत आले, कारण पाय दुखत होते आणि तुमच्या मिसेसनी, म्हणजे काकूंनी, पाणी आणलं होतं.

तुमच्या टेबलावर तीन-चार इंग्रजी बायबलं उघडी होती. चर्चचे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात तुम्ही आयुष्यभर हिब्रू आणि ग्रीक शिकवलं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी तुम्ही ओळख वगैरे काही दिली नाहीत. एका ओळीवर बोट ठेवलंत. ‘वाच.’ मी वाचलं, लॉर्ड. ‘आता ही.’ लॉर्ड. ‘आणि ही?’ तेच की, लॉर्ड.

‘नीट बघ.’

बघितलं तर पहिल्या ठिकाणी सगळी अक्षरं मोठी होती, दुसऱ्या ठिकाणी फक्त पहिलं, तिसऱ्या ठिकाणी एकही नाही. तुम्ही सांगितलंत, की पहिल्या जागी हिब्रूत चार अक्षरांचं एक नाव आहे. पदवी नाही, नाव. जसं प्रज्ञा. ते लिहायचे, पण वाचताना उच्चारायचे नाहीत. त्या जागी ‘अदोनाय’ म्हणायचे, माझा धनी. दुसऱ्या जागी अदोनाय हाच शब्द लिहिलेला आहे. आणि तिसऱ्या जागी एक बाई आपल्या नवऱ्याला त्याच शब्दानं बोलतेय. ‘इंग्रजीत तिघंही लॉर्ड. डोळ्याला फरक कळावा म्हणून अक्षरं लहानमोठी केली. पण कानाला कुठं मोठी अक्षरं ऐकू येतात?’

माझं डोकं फिरलं. ‘म्हणजे नाव खोडून तिथं मालक लिहिलं?’
‘खोडलं नाही. झाकलं.’
‘कुणी? इंग्रजांनी?’
‘इंग्रज कशाला? त्यांच्या कितीतरी आधी, ज्यांचं ते शास्त्र त्या यहुद्यांनीच. मग ग्रीकमध्ये गेलं, तिथं कुरिओस झालं. लॅटिनमध्ये डोमिनुस. इंग्रजांच्या हातात तयार माल आला.’
‘आणि जिथं अदोनाय आणि ते नाव शेजारी शेजारी येतं तिथं? लॉर्ड लॉर्ड?’

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी परीक्षेत पहिली आले. मला वाटतं त्याच क्षणी तुम्ही ठरवलंत, की हिला आता सोडायचं नाही. ‘तिथं त्यांची पंचाईत झाली. मग नावाच्या जागी त्यांनी गॉड घातलं, आणि ते मोठ्या अक्षरांत केलं.’
‘एक झाकायला दुसरं.’
‘पत्रक लिहिणारीची भाषा,’ तुम्ही काकूंना ओरडून सांगितलंत. ‘रूथ, हिला जेवायला थांबव.’

तेव्हापासून रविवार तुमचे. माझ्या संघटनेतले मित्र विचारायचे, बायबल क्लासला जातेस काय? मी सांगायचे, मालकाची चौकशी करायला जाते.

आणि चौकशीत दर वेळी नवीन काहीतरी निघायचं. विहिरीवरची बाई अनोळखी येशूला कुरिए, म्हणजे कुरिओस अशी हाक मारते तेव्हा इंग्रजीत होतं ‘सर’. तोच शब्द त्याचे मासे धरणारे शिष्य म्हणतात तेव्हा होतं ‘लॉर्ड’. कुणाला सर म्हणायचं आणि कुणाला लॉर्ड, हे ठरवतं कोण? भाषांतर करणारा, आपल्या टेबलावर बसून. मी म्हटलं, म्हणजे मी तुम्हाला सर म्हणते तेही तेच? तुम्ही म्हणालात, ‘व्याकरणानं तेच. पगारानं नाही.’

एकदा मी सरळ म्हटलं, की कुरिओसला मराठीत शब्द आहे, उगाच संस्कृतात शोधताय. हाटकेशला गाळ्यात काम करणारा प्रत्येक माणूस, मराठी असो, भय्या असो, नेपाळी असो, वर बसलेल्याला काय म्हणतो? शेठ. तेच लिहा. तुम्ही हसता हसता खोकायला लागलात. ‘शेठ माझा मेंढपाळ आहे? अगं, मंडळी मला गेटवरून परत पाठवेल.’ काकू आतून म्हणाल्या, ‘लिहाच. म्हणजे जोसेफभाऊ शेठला फोन लावून विचारतील, मेंढरं कुठं बांधलीत.’ जोसेफभाऊ म्हणजे तुमच्या चर्चच्या पंचांतले, ज्यांना प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागते. तुम्ही दोघं त्यांच्यावर हसायचात आणि दर नाताळाला केक आधी त्यांच्याकडे पाठवायचात.

‘शद्दाय’ या देवाच्या आणखी एका नावाचा किस्साही तुम्हीच सांगितलेला. इंग्रजीत त्याचं ऑलमायटी होतं, आपल्याकडे सर्वसमर्थ. आणि मुळात त्या शब्दाचा अर्थ काय हे कुणालाच धड माहीत नाही. कुणी म्हणतं डोंगर. कुणी म्हणतं आईचे स्तन. तुम्ही हे एकदा रविवारच्या वर्गात सांगितलंत. ‘नंतर मला चहा दिला, बिस्किट दिलं, आणि पुन्हा कधी बोलावलं नाही.’ मी चिडले. तुम्ही नाही चिडलात. म्हणालात, ‘माहीत नाही, असं लिहायला भाषांतरात जागा नसते पोरी. काहीतरी घालावंच लागतं. आणि घालणाऱ्याच्या डोक्यात राजा असेल तर राजाच पडतो पानावर.’ हे वाक्य मी चोरून एका पत्रकात वापरलंय. तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही ते पत्रक वाचलंत आणि तुम्हीही बोलला नाहीत.

मला सगळ्यात आवडायची ती पळालेली दासी. मालकिणीनं छळलं म्हणून पोटुशी बाई रानात पळते, तिथं झऱ्याशी तिला देव भेटतो, आणि ती त्याला स्वतः नाव ठेवते. एल रोई. पाहणारा देव. मी म्हटलं, हेच घालू मेंढपाळाच्या स्तोत्रात! गुलाम बाईनं ठेवलेलं नाव. तुम्ही मान हलवलीत. ‘ते तिचं आहे. तिच्या पाठीवरचे वळ बघितले त्यानं, म्हणून तिनं ठेवलं. आपल्याला बरं वाटतं म्हणून उचलायचं नाही.’ मला राग आला, कारण गाळ्यातल्या माणसांच्या गोष्टी मीही अशाच उचलून पत्रकात घालते.

एकदाच तुम्ही खरे चिडलात. मी ‘प्रभू’वर बोलत होते. म्हटलं, प्रभू काय, परमेश्वर काय, ईश्वर काय, सगळे सत्ता गाजवणारेच. तुमच्या आजोबांनी एक धनी सोडला आणि दुसरा धरला. त्यात मिळवलं काय?

तुम्ही पुस्तक मिटलंत.

‘माझा आजोबा पाटलाच्या ओट्याखाली वाकून जोहार मायबाप म्हणायचा. रोज. मिशनच्या शाळेत त्याला शिकवलं, प्रभू एकच. तो घरी येऊन आजीला म्हणाला, एकच असंल तर मग पाटील कोण? दुसऱ्या दिवशी तो ओट्यासमोरून ताठ गेला. मार खाल्ला. पण ताठ गेला. तुला तो शब्द मालकाचा वाटतो. त्याच्यासाठी तो मालकाकडून काढून घेतलेला होता. रोममध्ये राजाला कुरिओस म्हणायचे, आणि पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तो शब्द क्रुसावर मेलेल्या सुताराला दिला. गुन्हा होता तो.’

मी पत्रकवाली. मी थांबत नाही. ‘आणि मिशनच्या गोऱ्या माणसाला आजोबा काय म्हणायचे?’

‘साहेब.’
‘ताठ उभे राहून?’
‘नाही,’ तुम्ही म्हणालात. ‘वाकून.’

मग तुम्हीच उठून चहा टाकलात. कप हातात देताना म्हणालात, ‘तुझं अर्धं बरोबर आहे.’ मी म्हटलं, आमच्या पणजोबांनी धनीच ठेवला नाही, ना खाली ना वर. ‘छान केलं,’ तुम्ही म्हणालात, आणि ते टोमण्यानं नव्हतं. ‘मग रोज सकाळी उठून तू जाब कुणाला विचारतेस?’

याचं उत्तर मी दिलं नाही. अजून नाही.

त्यानंतर आजार आला आणि रविवार आखडत गेले. तुम्ही बसू शकत नव्हतात, मग मी खुर्ची पलंगाशी ओढायचे. बायबलात देवळातला एक म्हातारा आहे, त्याची प्रार्थना तुम्ही पडल्या पडल्या ग्रीकमध्ये म्हणून दाखवलीत, जो म्हणतो की जे बघायचं होतं ते बघितलं, आता सोड. तिथं देवाला कुरिओस नाही, ‘देस्पोतेस’ म्हटलंय. मी उडालेच. ‘डेस्पॉट? हुकूमशहा?’ तुम्ही म्हणालात, तेव्हा तो अर्थ नव्हता. ‘गुलामांचा मालक, एवढंच.’ मी म्हटलं, वा, हे बरं झालं! तुम्ही हसलात, आणि हसणं दुखत होतं हे दिसत होतं. म्हणालात, जुन्या इंग्रजीनं तिथंही लॉर्ड घातलं आणि गुलामाचा नोकर केला. लाज वाटली असणार. पण त्यानं गंमतच गेली. नोकर काय, सुट्टी मागतो. गुलाम सुटका मागतो. ‘मला आता कळतंय तो काय मागत होता.’

भांडायला हवं होतं तिथं. तुम्ही वाट बघितलीत, मला दिसलं.

मेंढपाळाचं स्तोत्र आपण तेव्हाच घेतलं. तुम्ही हिब्रू म्हणायचात, मग मराठी, मी टाइप करायचे. आणि त्या नावाशी आलात की तुम्ही थांबायचात. नुसतं थांबायचात. एक श्वास, आणि पुढे. लॉर्ड तिथं लिहिलेलं नाही म्हणून म्हणणार नाही, आणि नाव आपलं नाही म्हणून घेणार नाही, असं तुमचं म्हणणं. मी म्हटलं, ही पळवाट आहे. तुम्ही एकटे वाचताना थांबाल. शंभर माणसं एका सुरात वाचणार, ती कशी थांबतील? पत्रकात काहीतरी छापावं लागतं. मूळ नाव छापा. याहवे. मोठ्या टायपात. झाकलेलं उघडं करा. तुम्ही म्हणालात, उच्चार अंदाजानं बांधलेला आहे, आणि ज्यांचं नाव ते आजही घेत नाहीत. ‘मी कोण लागून गेलोय?’ मी म्हटलं, मग यहोवा? तर ते म्हणे त्या चार अक्षरांना अदोनायचे स्वर चिकटवून झालेलं. परमेश्वर मला नको. प्रभू तुम्हाला हवासा होता, आजोबांमुळे, पण तो त्या जागचा नाही हे तुम्हीच मला शिकवून बसला होतात. शेवटी दमून म्हणालात, ‘राहू दे दोन्ही जागा. रविवारी ये. ताजी होऊन ये.’

ताजी कुठून होणार होते, सर? त्याच आठवड्यात शेठनं गाळ्याला कुलूप लावलं आणि मशिनं वसईकडे हलवली. आमची माणसं पांगली. बोटं गेलेला माणूस यूपीला गेला, जाताना म्हणाला, ‘दीदी, पर्चा अच्छा था।’ पर्चा अच्छा था. मी त्या दिवसापासून दमलेय. घोषणा द्यायला तोंड उघडते आणि तुमचा प्रश्न पुढे येतो, जाब कुणाला विचारतेस. तुम्ही असतात तर हे तुम्हाला ऐकवलं असतं. तुम्ही नव्हतात. तुम्ही गेल्याचा काकूंचा फोन आला, आणि मी जिन्यात बसले. वर जायचं की खाली, ते मला कळेना.

दोन दिवसांत पत्रक हवं होतं. भाईंदरच्या छापखान्यात, कॉम्प्युटरवाल्या मुलीच्या शेजारी बसून मी त्या जागेत एकेक शब्द घालून बघितला. याहवे घातलं. छान दिसलं. मोठ्या टायपात आणखी छान दिसलं. तुम्ही नाही म्हणायला उरला नव्हतात, आणि तेवढ्यानंच मला ते छापता येईना. प्रभू घातलं. वाटलं, तुम्हाला मेल्यावर हरवतेय, तुमच्या बाजूनं बोलून. परमेश्वर घातलं, काढलं. मुलगी म्हणाली, ‘ताई, लाइट जायच्या आत सांगा.’ मी म्हटलं, रिकामंच ठेव. दोन्हीकडे आडवी रेघ दे.

तुमच्या पाळकांना फोन केला. म्हटलं, वाचनाआधी एक वाक्य बोला, की सर इथं थांबायचे, तसं आपण थांबू या. ते म्हणाले, ‘बरं बरं, छान कल्पना.’ आणि विसरले. माणूस चांगला आहे. त्याच्या मागे बारा भानगडी होत्या.

सभा खारीगावाच्या बाजूच्या हॉलमध्ये होती. मी पोचले तेव्हा दाराशी टेबलावर जोसेफभाऊ आणि त्यांच्या मिसेस, दोघांच्या हातात बॉलपेन, समोर माझ्या पत्रकांचा गठ्ठा. भाऊ मला बघून खुशीत म्हणाले, ‘अगं प्रज्ञा, छापखान्यानं शब्दच खाल्ला बघ! बरं झालं आमच्या लक्षात आलं. सगळ्यांवर घालून टाकलं.’ प्रत्येक पत्रकावर, माझ्या रेघेवर, निळ्या शाईत, सुंदर गोल अक्षरात लिहिलेलं होतं: प्रभू.

मी ओरडणार होते. खरंच. तोंड उघडलं होतं. मग भाऊंच्या मिसेस लिहून आखडलेली बोटं मोडत म्हणाल्या, ‘सरांसाठी एवढं तर केलंच पाहिजे,’ आणि मी गठ्ठ्यातलं एक पत्रक उचललं. आत जाऊन काकूंच्या मागच्या रांगेत बसले. काकू पांढऱ्या साडीत ताठ बसल्या होत्या, पत्रक मांडीवर पालथं.

गाणी झाली. लोक बोलले. तुमच्या एका विद्यार्थ्यानं तुम्हाला फार भला माणूस करून टाकलं, तुम्हाला आवडलं नसतं. मग सगळे उठले आणि स्तोत्र सुरू झालं. ‘प्रभू माझा मेंढपाळ,’ हॉल दणाणला. मी ओठ मिटून उभी होते. म्हटलं, चला, प्रभू जिंकला. बॉलपेननं.

तुमच्या ओळी बऱ्या वाचतात, सर. मोठ्यानं ऐकल्यावर कळलं. हिरवं कुरण आलं, ओढा आला, काळोखी दरी आली. दरीशी काही लोकांचे आवाज फाटले. मग पान उलटायचं होतं. सगळ्यांनी उलटलं, एकदम, कागदांचा खळखळाट झाला, आणि शेवटची ओळ सुरू झाली, ‘आणि मी राहीन’, आणि पुढं रेघ होती. नुसती रेघ. भाऊंनी पान उलटून बघितलंच नव्हतं.

हॉल थांबला.

शंभर माणसं, सर. एका सुरात थांबली. मी म्हटलं होतं ती थांबू शकणार नाहीत. पंखे ऐकू येत होते. कुणी शेजाऱ्याच्या पत्रकात डोकावत होतं, त्याच्याही पत्रकात रेघच. पाळकांनी मान वर केली, त्यांना आत्ता माझा फोन आठवला असणार, चेहरा पडला. भाऊ कपाळाला हात लावून उभे. मी सांगू शकत होते. उठून मोठ्यानं कुठलाही शब्द म्हटला असता तर सगळ्यांनी तोच म्हटला असता. याहवे म्हटलं असतं तरी. माझ्या जिभेवर होता. इतकी वर्षं माणसांच्या तोंडात घोषणा घालायचंच तर काम केलंय.

मी गप्प राहिले. काय करायचं ते कळेना म्हणून गप्प राहिले, मोठेपणा नव्हता त्यात.

तेव्हा पुढून काकूंचा आवाज आला. मोठा नाही. घरात बोलतात तेवढाच. ‘त्याच्या.’

आणि मागून सगळे, ‘त्याच्या घरात, माझे दिवस सरेपर्यंत.’

नंतर मागच्या अंगणात, कागदी कपातला चहा घेऊन, मी काकूंजवळ गेले. विचारलं, तुम्ही आधी ठरवलं होतं का?

‘काय ठरवायचं त्यात? सगळे खोळंबले होते, म्हटलं.’
‘पण त्याच्या का? प्रभू का नाही? तुम्ही तर प्रभूच म्हणता.’
काकू म्हणाल्या, ‘प्रज्ञा, मी ह्यांचं नाव कधी घेतलेलं ऐकलंस तू? लग्नात उखाणा घेतला तेवढाच. मी अहो म्हटलं की घरात चार पुरुष असले तरी हेच वळायचे. नाव घेत नव्हते म्हणजे ओळखत नव्हते का?’

मी दमलेली असले तरी मीच आहे. म्हटलं, ‘काकू, ती बायकांवरची सक्ती होती. नवऱ्याला मालक मानायची.’

‘असंल. तुझ्या पत्रकात लिही.’ त्यांनी चहाचा घोट घेतला. ‘दवाखान्यात ती काउंटरवरची पोरगी रोज विचारायची, पेशंटचं नाव सांगा. रोज सांगितलं. करते काय? पण सांगितलं की दर वेळी वाटायचं, माझ्याजवळचं काहीतरी त्या काचेपलीकडे गेलं.’

आणि मग काकू रडल्या, सर. सभाभर रडल्या नव्हत्या. मी त्यांचा कप धरला. दुसरं काही सुचलं नाही.

मला पटलं आहे असं समजू नका. अर्धंच पटलंय. मला अजून वाटतं की ज्या नावावर इतकी शतकं मालकांनी आपली पाटी लावली, ते नाव उघडं करायला हवं. मला अजून वाटतं, की काकूंनी एकदा तरी तुम्हाला नावानं हाक मारायला हवी होती आणि तुम्ही तसं म्हणायला हवं होतं. पण आपण दोघं त्या दोन जागा रिकाम्या ठेवून इतके रविवार बसलो, चार भाषांमधून फिरून आलो, आणि आतल्या खोलीत भाजी निवडणाऱ्या काकूंना एकदाही विचारलं नाही, की तुम्ही तिथं काय म्हणाल. यावर तुमचं काय म्हणणं आहे? बोला ना. मी विचारतेय.

निघताना जोसेफभाऊ गेटपर्यंत धावत आले. काखेत उरलेली पत्रकं, हातात पेन. चेहरा असा, की जणू चर्चच्या छपराला भोक पडलंय. ‘प्रज्ञा, माफ कर गं. मागचं पान राहिलंच आमच्याकडून. ही गावाकडे पाठवायचीत, जे आले नाहीत त्यांना. भरून टाकतो. तेवढं सांग, तिथं काय घालू? काकू म्हणाल्या तेच? की प्रभू?’

‘राहू द्या, भाऊ.’
‘अगं, चुकल्यासारखं दिसतं.’
‘दिसू दे.’
‘लोक वाचताना अडकतील की.’
‘अडकू देत.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पत्रकाकडे बघितलं. मग पेनाला टोपण लावलं. खूप हळू लावलं, त्यांच्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल मला माहितीय.

इतकी पत्रकं लिहिली, सर. कुणाला काय म्हणायचं ते मी सांगितलं नाही, असं हे पहिलंच.